आतून उघडणारं दार

करोल बागेत मयुरा राहत होती त्या मुलींच्या पीजीत आग लागली ती नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी. आग मोठी नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत हीटर पेटला, मग पडदा, मग गादी. त्या दिवसांत सगळ्या दिल्लीलाच धुराचा वास येत असतो, त्यामुळे बराच वेळ कोणाच्या काही लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा मुली जिन्याने धावत खाली आल्या आणि लोखंडी जाळीच्या दरवाजापाशी येऊन थांबल्या. जाळीला बाहेरून कुलूप होतं.

कुलूप रोजच असायचं. अंधार पडला की मालकीण, प्रभा आंटी, जाळी ओढून बाहेरून कुलूप लावत आणि किल्ली घेऊन समोरच्या इमारतीतल्या आपल्या घरी जात. कोणाला आत-बाहेर करायचं असेल तर त्यांना फोन करायचा. त्या संध्याकाळी आंटी एका लग्नाला गेल्या होत्या आणि बँडच्या आवाजात त्यांना फोन ऐकू येत नव्हता.

करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानातली माणसं ग्राइंडर घेऊन आली आणि त्यांनी कुलूप कापलं. तोवर मुली जाळीच्या भोकांत तोंड खुपसून श्वास घेत होत्या. मयुराची रूममेट निधी सगळ्यांच्या मागे राहिली होती. ती आंघोळीला गेली होती आणि धावपळीत तिला हाक मारायची राहून गेली. तिला उचलून रस्त्यावर आणलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. ती वाचली. कोणीच मेलं नाही, म्हणून कुठे बातमीही आली नाही. दुसऱ्या दिवशी प्रभा आंटींनी नवं कुलूप आणलं. ते आधीच्यापेक्षा मोठं होतं.

मयुराने हे सगळं उत्तराला सांगितलं. दोघींची ओळख मराठी मंडळाच्या गणपतीत झालेली. मयुरा पुण्याची, नोएडात एका कंपनीत नोकरीला. उत्तराचा जन्मच दिल्लीतला. वडील बळवंत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात, आई सुनंदा शाळेत शिक्षिका, आणि घर आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. ती कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिचं मराठी घरापुरतं होतं, मध्येच एखादा शब्द सापडायचा नाही आणि ती हिंदीत उडी मारायची.

"पण हे अलाउड कसं आहे?" ती म्हणाली. "बाहेरून लॉक? माणसं आत असताना?"

"अलाउड आहे की नाही ते तू सांग. वकील तू होणारेस."

उत्तराने शोधलं. दुकानांना नियम होते, हॉटेलांना होते, सिनेमागृहांना होते. मुलींच्या पीजीच्या बाहेरच्या दाराबद्दल तिला कुठेच काही स्पष्ट सापडलं नाही. मग तिने, मयुराने, निधीने आणि उत्तराच्या वर्गातल्या मानसने मिळून एकच मागणी ठरवली. एका ओळीत बसेल अशी. जिथे मुली पैसे भरून राहतात, तिथलं बाहेरचं दार आतून, किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. बाकी काही नको.

डिसेंबरभर ते चौघं पीजी-पीजी फिरले. मुली आधी आजूबाजूला बघायच्या, मग सही करायच्या. काही जणी सही करून अर्ध्या तासाने परत येऊन म्हणायच्या, दीदी, माझं नाव खोडा. पण त्यांच्यापेक्षा न खोडणाऱ्या जास्त होत्या. निधी सगळ्यांत चांगलं बोलायची. आगीनंतर तिचा आवाज बसला होता तो पूर्ण सुटलाच नाही, आणि त्या घोगऱ्या आवाजात ती सांगायला लागली की खोलीत सगळं शांत व्हायचं. नवीन वर्ष लागलं तेव्हा एका सरकारी खात्याने त्यांचं निवेदन घेतलं आणि या प्रश्नावर समिती नेमल्याचं पत्र पाठवलं. सुनावणी फेब्रुवारीत होणार होती. त्या दिवशी चौघांनी करोल बागेत छोले-भटुरे खाल्ले आणि मानसने सगळ्यांचे फोटो काढले.

त्याच आठवड्यात निधीचे वडील गोरखपूरहून आले. सकाळच्या गाडीने उतरले, प्रभा आंटींकडे बसून चहा प्यायले आणि दुपारच्या गाडीने निधीला घेऊन परत गेले. मयुरा ऑफिसातून आली तेव्हा शेजारचा पलंग रिकामा होता. उशीसुद्धा नेली होती.

निधीने गाडीतून एकदाच फोन केला. हळू बोलत होती. तिच्या वडिलांना कोणाचा तरी फोन आला होता. माणूस अतिशय सभ्य. मैं आपका शुभचिंतक हूँ, असं म्हणाला. वाईट काहीच बोलला नाही. निधीचा क्लास किती वाजता सुटतो, त्या दिवशी तिने कोणत्या रंगाचा कुर्ता घातला होता, ती कोणत्या मुलासोबत भटुरे खात होती, एवढंच त्याने सांगितलं. मग म्हणाला, काळजी वाटली म्हणून कळवलं.

"वो डाँटते तो मैं लड़ लेती," निधी म्हणाली. "पापा रो रहे थे।"

त्यानंतर तिचा फोन तिचा भाऊ उचलायला लागला. ती अभ्यास करतेय, तिला डिस्टर्ब करू नका, असं नम्रपणे सांगायचा.

मानस खचला. यार, मेरी वजह से हुआ, एवढंच परत परत म्हणत राहिला, आणि मग भेटायलाच येईनासा झाला. फोन बाकीच्या मुलींच्या घरीही जात होते. रोहतकला, कोट्याला, पाटण्याला. सगळीकडे सभ्य माणूस, सगळीकडे काळजी. कोणी कोणाला धमकावलं नव्हतं. मुली मात्र एकेक करून कमी होत होत्या. रस्त्यात उत्तरा दिसली की त्या मोबाइल काढून त्यात बघायला लागत.

उत्तराने घरी यातलं फारसं सांगितलं नाही. संक्रांतीला ती दरवर्षीप्रमाणे आईबाबांबरोबर मंडळाच्या बसने पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकावर गेली. धुक्यात पलीकडचं माणूस दिसत नव्हतं. तिने सगळ्यांना तिळगूळ वाटला. बाबा त्या दिवशी नेहमीसारखेच होते, बसमध्ये गात होते. नंतर कधीतरी ते गप्प झाले. तेव्हा तिला वाटलं, ऑफिसचं काही असेल.

सुनावणी सोमवारी होती. त्याआधीच्या शनिवारी मयुराचे वडील दीनानाथ दिल्लीत आले. पुण्यात सिंहगड रस्त्याला त्यांचं औषधांचं दुकान होतं आणि ते बंद ठेवून त्यांनी कधी गाव सोडल्याचं मयुराला आठवत नव्हतं. ते कोपर्निकस मार्गावरच्या, महाराष्ट्र सरकारच्या जुन्या सदनात उतरले होते. एकटीने त्यांच्यासमोर बसायची मयुराची तयारी नव्हती, म्हणून ती उत्तराला बरोबर घेऊन गेली.

सदनाच्या कँटीनमध्ये दीनानाथांनी तिघांसाठी थाळ्या सांगितल्या. ते बारीक, गोरे, हळू बोलणारे गृहस्थ होते. आधी त्यांनी उत्तराची चौकशी केली, आमटीची स्तुती केली आणि मग मयुराकडे न बघता म्हणाले, "मी रागवायला आलेलो नाही. जिना बघून आलो मी सकाळी. भिंत अजून काळी आहे. तू मला म्हणाली होतीस, छोटंसं शॉर्टसर्किट झालं."

मयुरा ताटातला भात कालवत राहिली.

"त्या गृहस्थांनी फोन केला नसता तर मला कळलंच नसतं."

उत्तराचा घास हातातच राहिला. "कोणी फोन केला, काका?"

"नाव नाही सांगितलं. म्हणाले, एक मराठी माणूस समजा, दिल्लीत सरकारी नोकरीत आहे. फार चांगला माणूस आहे हो. मला घाबरवलं वगैरे नाही, उलट त्यांचाच आवाज कापत होता. म्हणाले, मलाही मुलगी आहे. पोरी चुकीचं काही करत नाहीयेत, पण इथली हवा वाईट आहे, तुमच्या मुलीला काही दिवस घरी न्या. ही खोलीसुद्धा त्यांनीच लावून दिली. सुनावणीला पालकांनाही बोलावलंय, ते त्यांच्याकडूनच कळलं."

"मराठीत बोलले?" मयुराने विचारलं.

"मराठीतच. आपल्यासारखं."

मयुराने उत्तराकडे पाहिलं. गोरखपूरला हिंदीतून, पुण्याला मराठीतून.

दीनानाथांनी पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला. "घरचं मेतकूट आणलंय त्यांच्यासाठी. पण आता फोन उचलत नाहीत. संकोच वाटत असेल. उत्तरा, तुझे वडील मंत्रालयात आहेत ना? त्यांना विचारशील का, हा नंबर कोणाचा असेल?"

त्यांनी मोबाइल तिच्यापुढे सरकवला.

उत्तराला आयुष्यात एकच नंबर पाठ होता. ती पाच-सहा वर्षांची असताना दिल्ली हाटमध्ये हरवली होती, त्यानंतर बाबांनी तिला तो गाण्यासारखा म्हणायला लावून पाठ करून घेतला होता. बाकी सगळे नंबर मोबाइलमध्ये नावांच्या मागे असतात. हा तिच्या तोंडात होता. तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि पहिल्या चार आकड्यांनंतरचे आकडे तिला बघावेही लागले नाहीत.

"मला नाही माहीत काका," ती म्हणाली. "विचारते."

दीनानाथांनी डबा तिच्याकडे दिला. "सापडले तर तूच दे त्यांना."

ती घरी आली तेव्हा दुपारचं ऊन गॅलरीत आलं होतं आणि बळवंत स्टुलावर बसून मटार सोलत होते. उत्तराने डबा त्यांच्या शेजारी ठेवला.

"मयुराच्या बाबांनी दिलाय. तुमच्यासाठी."

बळवंतांनी डब्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. त्यांनी विचारलं नाही की मला कशाला. तिला आत कुठेतरी अजून वाटत होतं की ते विचारतील.

"बस," ते म्हणाले.

"उभी आहे ती ठीक आहे."

"संक्रांत झाली त्याच्या पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत शिपाई सांगत आला, खाली कोणी भेटायला आलंय. मी गेलो. लॉनवर बाकावर एक माणूस बसला होता. निळा हाफ शर्ट, एवढ्या थंडीत. त्याने थर्मासमधला चहा दिला मला. बळवंतराव म्हणाला. दिल्लीत मला कोणी बळवंतराव म्हणत नाही, उत्तरा. गावाकडचे आबा गेल्यापासून कोणीच म्हटलेलं नाही."

"मराठी होता?"

"शिकलेला असावा. पुस्तकातल्यासारखं बोलत होता."

"कोणाचा माणूस? कुठल्या डिपार्टमेंटचा?"

"मी विचारलं नाही."

"धमकी दिली त्याने?"

"धमकी दिली असती तर मी कोणाकडे तरी गेलो असतो." बळवंतांची बोटं मटार सोलत राहिली होती. रिकामी सालं दाण्यांच्या वाडग्यात पडत होती ते त्यांच्या लक्षात येत नव्हतं. "त्याने तुझा फोटो दाखवला. मला वाटलं मोर्चातला वगैरे असेल. काला अंबवरचा होता. तू तिळगूळ देत होतीस. फोटो काढणाऱ्यालाच देत होतीस, असं दिसत होतं त्यात. तू हसत होतीस."

उत्तराला आठवेना. धुक्यात कितीतरी हात पुढे आले होते.

"म्हणाला, मुलगी गुणी आहे, मोठी होईल. अशा मुलांच्या नावापुढे उगाच काही लागायला नको. मग मला पुण्याचा नंबर दिला. म्हणाला, यांच्याशी आपुलकीने बोला, तुमच्या भाषेत. बस, एवढंच काम. चहा संपवला आणि गेला."

"आणि तुम्ही केलात फोन."

"मीच म्हटलं त्यांना करा म्हणून." सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. "त्या मुलीला घरी न्या एवढंच तर सांगायचं होतं. खोटं काय होतं त्यात? आग लागली होती की नाही?"

"आई, आग लागली होती म्हणूनच तर..." उत्तराला पुढचा शब्द सापडेना, हिंदीतही सापडेना. मग तिने विचारलं, "निधीच्या घरी कोणी केला?"

"मला काय माहीत," बळवंत म्हणाले. "गोरखपूरचा असेल कोणीतरी. त्यालाही मुलगी असेल."

ती रागावायची वाट बघत होती, पण राग येईना. तिच्यासमोर तिचे बाबा बसले होते, स्वेटरच्या बाहीला भोक पडलेले, आणि त्यांची मान किंचित खाली गेली होती. आपण सोमवारी गेलो नाही तर यांना बरं वाटेल, हे तिला कळत होतं. आणि त्या माणसाला हे आधीच कळलं होतं.

"मी सोमवारी जाणार आहे," ती म्हणाली.

बळवंतांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही.

रविवारी करोल बागच्या मेट्रो स्टेशनात, तिकिटाच्या मशीनशेजारी उभं राहून तिने मयुराला सगळं सांगितलं. मयुराने मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाली, "मी तुमच्याकडे जेवलेय. तुझ्या बाबांनी मला वाढलंय."

"माहितीय."

"बाबांना सांगू?"

"तू ठरव."

मयुराने फलाटाकडे जाणाऱ्या माणसांकडे पाहिलं. "नको," ती म्हणाली. "बाबांना अख्ख्या दिल्लीत एक चांगला माणूस भेटलाय. तो राहू दे." मग तिने उत्तराच्या दंडाला धरलं. ते धरणं पूर्वीसारखं होतं की नव्हतं, याचा उत्तरा रात्रभर विचार करत होती.

सुनावणीची खोली उबदार होती. अध्यक्ष बाई साठीच्या, फिक्या जांभळ्या स्वेटरमधल्या. त्यांनी दोघींना अगदी पुढे बसवलं, पाणी मागवलं, निधी कशी आहे ते नाव घेऊन विचारलं. पीजी मालकांच्या संघटनेचे लोक एका बाजूला होते. त्यांत प्रभा आंटी होत्या, त्यांनी मयुराला पाहून हात हलवला. दुसऱ्या बाजूला पालक. मागच्या रांगेत आणखी काही माणसं होती, त्यांची कोणी ओळख करून दिली नाही.

उत्तराने भांडायची तयारी करून ठेवली होती. तिची पाळी आलीच नाही. अध्यक्ष बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं की मुलींची मागणी योग्य आहे आणि समितीने ती मान्य केली आहे. यापुढे कुठल्याही पीजीला बाहेरून कुलूप लावता येणार नाही.

मयुराने टेबलाखाली उत्तराचा हात घट्ट दाबला. पालकांनी टाळ्या वाजवल्या. प्रभा आंटींनीही वाजवल्या, आणि ते पाहून उत्तराला पहिल्यांदा थंडी वाजल्यासारखं झालं.

बाई पुढे वाचत राहिल्या. कुलूप जाणार म्हणजे सुरक्षेची दुसरी सोय हवी. म्हणून प्रत्येक दाराला चेहरा ओळखणारं मशीन बसेल. मुलगी बाहेर पडली की पालकांना मेसेज जाईल, आत आली की जाईल, ठरल्या वेळेत आली नाही तर जवळच्या चौकीलाही जाईल. प्रत्येक मुलीची नोंद होईल. जी मुलगी वातावरण बिघडवेल तिला मालक काढू शकतील, आणि तिचं नाव बाकीच्या पीजीवाल्यांनाही दिसेल, म्हणजे त्यांची फसवणूक होणार नाही. मसुद्याच्या सुरुवातीलाच लिहिलं होतं की हे नियम छात्राओं की माँग पर करण्यात येत आहेत. खाली उत्तराचं आणि मयुराचं नाव होतं. निधीचंही होतं.

उत्तरा उभी राहिली. "मॅडम, हमने ये नहीं माँगा था।"

"आपने क्या माँगा था, बेटा?"

"कि दरवाज़ा अंदर से खुले।"

"खुलेगा," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"पर ये सब निगरानी है। लड़कियाँ डर के मारे बाहर ही नहीं निकलेंगी।"

"जिसे डर हो, वो क्यों डर रही है, ये भी तो घरवालों को पता होना चाहिए," पालकांतल्या कोणीतरी म्हटलं, आणि मागे लोक हसले. मग दीनानाथ उठले. त्यांना हिंदी नीट येत नव्हतं, तरी ते हिंदीत बोलले. काळी भिंत मी हात लावून पाहिली, ते म्हणाले. काजळी अजून हाताला लागते. माझी मुलगी त्या जाळीमागे उभी होती आणि मी पुण्यात टीव्ही बघत होतो, मला काही माहीत नव्हतं. आता निदान माहीत असेल. ते खाली बसले तेव्हा शेजारच्या एका सरदारजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मयुरा आपल्या वडिलांकडे बघत होती, आणि त्यांच्याविरुद्ध बोलायला तिच्याजवळ एकही वाक्य नव्हतं.

उत्तराचं म्हणणं नोंदवून घेण्यात आलं. तसं बाईंनी तिला सांगितलं.

बाहेर पडताना गर्दीत एका माणसाने तिच्यासाठी दार धरून ठेवलं. त्याच्या अंगात निळा हाफ शर्ट होता. चेहरा असा की दोन मिनिटांनी आठवू नये.

"फार छान बोललात आपण," तो शुद्ध मराठीत म्हणाला. "बळवंतरावांना माझा नमस्कार सांगावा."

तिला वाटलं होतं, हा माणूस कधी समोर आला तर ती त्याला काहीतरी विचारेल. तिने मान खाली घातली आणि बाहेर आली. रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण त्याला थँक्यू म्हटलं. दार धरलं म्हणून.

नियम मार्चमध्ये लागू झाले. प्रभा आंटींनी जाळी काढून काचेचं दार बसवलं, भिंत रंगवली, आणि भाडं वाढवलं. दाराशेजारी मशीन आलं. मयुरा दिल्लीत राहिली, कारण दीनानाथांनी तिला राहू दिलं. मशीन आहे म्हणून राहू दिलं. रोज सकाळी ती काचेसमोर उभी राहायची, दार उघडायचं, आणि ती गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत पुण्याहून मेसेज यायचा, निघालीस का, डबा घेतलास का. ते प्रेमानेच लिहीत. रविवारी ती खाली दही आणायला गेली तरी विचारत. तिने हळूहळू दही आणणं सोडलं. पीजीतल्या बाकीच्या मुलीही सुट्टीच्या दिवशी खोल्यांतच असायच्या. दार दिवसभर मोकळं असायचं आणि त्यातून कोणी जात नसे.

"मला सगळ्यात कशाचा त्रास होतो सांगू?" मयुरा एकदा म्हणाली. "त्या मशीनमुळे मी इथे आहे. ते गेलं तर मीही जाईन."

आर. के. पुरमला बळवंत पूर्वीसारखे ऑफिसला जात होते, संध्याकाळी भाजी आणत होते. मेतकुटाचा डबा उघडला गेला आणि संपलाही. एकच फरक होता. उत्तरा घराबाहेर पडायला लागली की ते पूर्वी नेहमी विचारायचे, कुठे चाललीस. आता विचारत नव्हते. तिला आधी वाटलं, शरमेने. मग एके दिवशी तिच्या मनात आलं की त्यांना कदाचित विचारायची गरज उरली नसेल. हा विचार तिने पुसून टाकला. तो परत आला.

एप्रिलमध्ये उत्तराने कोर्टात याचिका करायचं ठरवलं. नियमांतल्या त्या कलमांविरुद्ध, आणि त्याखाली आपली नावं वापरल्याविरुद्ध. एक वकील बाई पैसे न घेता मदत करायला तयार झाल्या, पण त्यांना मुलींची शपथपत्रं हवी होती. जितकी जास्त तितकं बरं. उत्तरा आणि मयुराने ठरवलं की फोनवर काही बोलायचं नाही. कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून, तोंडी, त्यांनी जागा ठरवली. अजमल खान पार्क, शनिवार, सकाळी, कारंज्याजवळचा बाक. तिसऱ्या कोणालाही सांगितलं नाही.

शनिवारी ऊन चढायच्या आत दोघी तिथे बसल्या. पार्कात म्हातारी माणसं फिरत होती. अजून एकही शपथपत्र नव्हतं, कोणाकडे आधी जायचं याचाच विचार चालला होता.

"उत्तराताई?"

एक मुलगी समोर उभी होती. अठरा-एकोणीस वर्षांची, पाठीला सॅक, घामाने कपाळाला केस चिकटलेले.

"मी मैत्रेयी. नागपूरची. पहिल्या वर्षाला आहे, इथेच पीजीत राहते. मला तुमच्याबरोबर काम करायचंय. काहीही सांगा, मी करीन."

मयुराने बाकावरचे कागद उचलून उलटे मांडीवर ठेवले.

"आम्ही इथे असू हे तुला कोणी सांगितलं?" उत्तराने विचारलं.

मैत्रेयी गोंधळली. "आमच्या पीजीत एक दीदी म्हणाली. तिलाही कोणीतरी सांगितलं असेल." तिने दोघींच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "का? माझं काही चुकलं का?"

तिच्या चेहऱ्यात काही नव्हतं. उत्तराने नीट पाहिलं. ती खरीच वाटत होती. आणि खरी असेल तर नागपूरला कोणाचा तरी फोन या आठवड्यात वाजणार होता. कोणीतरी सभ्य माणूस, तिच्याच बोलीत, तिच्या वडिलांना सांगणार होता की ती शनिवारी सकाळी पार्कात कोणाबरोबर बसली होती. आणि खरी नसेल तर तो फोन करायचीही गरज नव्हती.

कारंजं बंद होतं. पलीकडच्या फाटकापाशी दोन-तीन माणसं उगाच उभी होती, की उगाच नव्हती, ते सांगता येत नव्हतं.

मयुरा हळूच म्हणाली, "चल, उठूया."

उत्तरा उठली नाही. ती थोडी सरकली आणि बाकावर जागा केली. मैत्रेयी सॅक काढून तिच्या शेजारी बसली. तिने पाण्याची बाटली काढून आधी त्या दोघींना विचारलं आणि मग घटाघटा प्यायली. उत्तराने तिचं पिऊन होईपर्यंत वाट पाहिली.

"घरी कोण कोण असतं तुझ्या?" तिने विचारलं.

"आई, बाबा आणि आजी."

"त्यांना आजच फोन कर," उत्तरा म्हणाली. "दुसऱ्या कोणी करायच्या आधी. तू काय करणार आहेस ते सगळं तूच सांग. मग पुढचं बोलू."

मैत्रेयीने मोबाइल बाहेर काढला आणि तो हातात धरून ती बराच वेळ तशीच बसून राहिली.